सोलरसाठी लिथियम सेल पारखताना: आधी काय मोजायचं, नंतर काय

घरच्या सोलरसाठी सुटे लिथियम सेल मागवले की बहुतेकांच्या हातून एकच चूक होते. पार्सल उघडायचं, प्रत्येक सेलला मल्टिमीटर लावायचा आणि सगळीकडे ३.२९ व्होल्ट दिसले की सेल सारखे आहेत असं धरून बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आवळायला घ्यायचे. मग एखाद्या संध्याकाळी बॅटरी अर्धी भरलेली दिसत असतानाच बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट) लाइन तोडतो, आणि दोष इन्व्हर्टरला दिला जातो.

या सेलच्या बाबतीत व्होल्टेजवरून क्षमता कळतच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी सेल, साधारण २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यातच राहतो. २८० एएचचा (अँपिअर-तासांचा) कोरा सेल आणि थकून २३० एएचवर आलेला सेल शेजारी ठेवा, मीटरवर दोघंही ३.२९ दाखवू शकतात. क्षमता कळायची तर सेल पूर्ण भरावा लागतो आणि ठरलेल्या करंटने पूर्ण रिकामा करावा लागतो. दुसरा मार्ग नाही. आणि दोन सेलची तुलना तेव्हाच करायची, जेव्हा दोघांची चाचणी एकाच करंटला, एकाच तापमानाला आणि एकाच कटऑफला (डिस्चार्ज जिथे थांबवायचा त्या व्होल्टेजला) झालेली असते.

खालचे आकडे घरगुती साठवणुकीत खूप चालणाऱ्या ३.२ व्होल्ट, २८० एएचच्या चौकोनी सेलचे आहेत. १०० एएच किंवा गोल ३२७०० सेल असतील तर करंट आणि एएचचे आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम तोच ठेवा. लॅपटॉपमधून किंवा स्कूटरमधून निघालेले एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल वेगळे, त्यांची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. त्यांना हा लेख लावू नका आणि एका पॅकमध्ये दोन्ही जाती कधीच घालू नका.

## आकडे आधी एका मापात आणा

दुकानात "२८० एएच" ऐकलं की माणूस मनातल्या मनात घरच्या १५० एएच ट्युब्युलर बॅटरीशी तुलना करतो आणि एक सेल म्हणजे जवळपास दुप्पट बॅकअप असं समजतो. तसं नाही. ट्युब्युलर १२ व्होल्टची, म्हणजे १५० × १२ = १,८०० वॅट-तास. सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे २८० × ३.२ = ८९६ वॅट-तास. चार सेल सिरीजमध्ये घातले की १२.८ व्होल्ट आणि ३,५८४ वॅट-तास होतात. सोळा घातले की ५१.२ व्होल्ट आणि १४.३ युनिटच्या आसपास. एएच मात्र दोन्हीकडे २८०च राहतात. म्हणून तुलना नेहमी वॅट-तासांत करा.

दुसरी गोष्ट करंटची. ट्युब्युलरची क्षमता दहा किंवा वीस तासांत रिकामी करण्याच्या हिशेबाने छापतात. एलएफपीची बऱ्याचदा ०.५ सी, म्हणजे एएचच्या आकड्याच्या निम्म्या करंटने (२८०च्या सेलला १४० अँपिअर), या हिशेबाने. हळू डिस्चार्ज केलं की आकडा थोडा वाढतो. विक्रेत्याने दिलेल्या रिपोर्टात २८८ लिहिलंय, तर पहिला प्रश्न विचारा: किती अँपिअरला?

## तयारी

एवढं जमवल्याशिवाय सुरुवात करू नका:

- चार वायरींचा कपॅसिटी टेस्टर, शक्यतो ४० अँपिअरचा. दोन जाड वायरी करंटसाठी, दोन बारीक वायरी व्होल्टेज मोजण्यासाठी.
- चार वायरींचा अंतर्गत रोध मोजणारा मीटर, १ किलोहर्ट्झ एसीवर (अल्टरनेटिंग करंटवर) चालणारा. साधा मल्टिमीटर मिलीओहमच्या अपूर्णांकापर्यंत पोचतच नाही.
- तीन दशांश दाखवणारा बऱ्यापैकी मल्टिमीटर.
- १० किलोपर्यंतचा तराजू, ग्रॅम दाखवणारा.
- टर्मिनलचं थर्मामीटर, इन्सुलेशन टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक घासणी, मार्कर आणि वही.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा इथेच चुकतो. ४० अँपिअरला २८० एएच रिकामे व्हायला सात तास लागतात. आधीचं चार्जिंग आणि नंतर पुन्हा अर्धं भरणं धरलं तर एका सेलला पंधरा तास सहज जातात. सोळा सेल एकाच टेस्टरवर म्हणजे दहा-बारा दिवसांचं काम. विक्रेत्याची परत घेण्याची मुदत किती आहे ते मागवण्याआधी बघा, नाहीतर निकाल हाती येईपर्यंत मुदत संपलेली असते. टेस्टर आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा. सातव्या तासाला लाइट गेली की सगळी नोंद जाते आणि तो सेल पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

सावधान: २८० एएचचा सेल शॉर्ट झाला तर क्षणात हजारो अँपिअर सोडू शकतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याला टोकाशिवाय सगळीकडे टेप गुंडाळा. ज्या टर्मिनलवर काम चालू नाही त्यावर प्लास्टिकची टोपी राहू द्या. लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत.

## टप्पा १: नजर, तराजू आणि क्यूआर कोड

प्रत्येक सेलला मार्करने क्रमांक द्या. पुढची प्रत्येक नोंद त्याच क्रमांकाखाली जाईल.

सेल सपाट टेबलावर आडवा ठेवून बाजूला सरळ पट्टी लावा. मधोमध फुगवटा आहे का बघा. निळं आवरण कोपऱ्यात फाटलंय का, सेफ्टी व्हॉल्व्हभोवती ओल किंवा गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास येतो का, टर्मिनलवर आधी बसबार आवळल्याच्या गोल खुणा आहेत का, हे पाहा. अशा खुणा कोऱ्या सेलवर नसतात. टर्मिनलवर स्टड (बसबार आवळायचा आटेदार खुंट) वेल्ड केलेला असेल तर वेल्ड चारही बाजूंनी नीट धरलंय का तेही पाहा.

मग वजन करा. मला ही सर्वांत आवडती तपासणी वाटते, कारण खोटं लेबल तिला फसवू शकत नाही. सेलचे वॅट-तास वजनाने भागा. २८० एएचचा सेल साधारण ५.४ किलोचा असतो: ८९६ ÷ ५.४ म्हणजे किलोमागे १६६ वॅट-तास. १०५ एएचचा सेल साधारण २ किलोचा, तिथेही १६८ येतात. ६ एएचच्या गोल ३२७०० सेलमध्ये हे प्रमाण १३५च्या आसपास असतं. एलएफपी म्हणून विकलेला सेल किलोमागे १९० वॅट-तासांच्या वर जात असेल तर लेबलवरचे एएच खरे नाहीत असं धरा. उदाहरणार्थ, १०० एएच छापलेला सेल दीड किलो भरला तर हिशेब २१३चा होतो. पुढच्या चाचणीत वेळ घालवायची गरज नाही, तो परत पाठवा.

चिनी सेलवरच्या क्यूआर कोडमध्ये २४ चिन्हं असतात. पहिली तीन उत्पादकाची, उदाहरणार्थ ईव्ह कंपनीसाठी "०४क्यू". चौथ्या जागी सुट्या सेलसाठी "सी" आणि पाचव्या जागी एलएफपीसाठी "बी". पंधरावं, सोळावं आणि सतरावं चिन्ह वर्ष, महिना आणि दिवसाचं: वर्षासाठी "ए" म्हणजे २०२०, "बी" म्हणजे २०२१, "सी" म्हणजे २०२२, "डी" म्हणजे २०२३ आणि पुढे त्याच क्रमाने. कोड खरडून पुन्हा कोरलेला असेल किंवा एकावर एक दोन कोड दिसत असतील तर तो सेल कुठल्यातरी गाडीतून किंवा पॅकमधून निघालेला असण्याची शक्यता मोठी.

तपासा: विक्रेत्याने "ए ग्रेड" म्हटलं म्हणून सेल ए ग्रेड होत नाही, आणि खरा क्यूआर कोडही ते सिद्ध करत नाही. कारखान्यात क्षमता, रोध, गळती (नुसता ठेवला तरी चार्ज उतरणं) किंवा मापं यांतल्या एका कसोटीवर मागे पडलेल्या सेलवरही तोच कोड असतो. प्रत्येक सेलच्या क्रमांकासह टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यातले क्रमांक हातातल्या सेलशी एकेक करून जुळवा.

## टप्पा २: व्होल्टेज, फक्त नापास करण्यासाठी

आता मल्टिमीटर घ्या. व्होल्टेज बघून कुठलाही सेल पास करायचा नाही, फक्त नापास करायचा. एकाच खेपेतले सेल ३.२७ ते ३.३०च्या दरम्यान असतात. पंधरा सेल ३.२९२ आणि एक ३.२६१ असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा, टप्पा ६ मध्ये त्याच्याकडे बारकाईने पाहायचं आहे. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बाजूला काढा. २ व्होल्टच्याही खाली असेल तर त्याला "जागा करण्याचा" प्रयत्न करू नका, घरात ठेवायच्या बॅटरीत त्याची जागा नाही.

सावधान: फुगलेला, ओलसर किंवा खूप खाली गेलेला सेल चार्जिंगला लावू नका.

## टप्पा ३: अंतर्गत रोध

टर्मिनल ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर तो झपाट्याने बसतो. बारीक घासणीने हलकं घासून अल्कोहोलने पुसा. मग मीटरची टोकं थेट टर्मिनलच्या पृष्ठभागावर टेकवा, स्टडवर किंवा नटावर नको. प्रत्येक सेलला टोकं त्याच जागी, तेवढ्याच दाबाने.

या आकाराच्या कोऱ्या सेलचा रोध ०.२५ मिलीओहमच्या आत असायला हवा, बहुतेक ०.१५ ते ०.२२च्या दरम्यान दिसतात. एकाच सेलवर तीन वेळा मोजून आकडा ०.०१पेक्षा जास्त हलत असेल तर दोष सेलचा नाही, तुमच्या टेकवण्याचा आहे. आधी हात बसवा, मग पुढे जा.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. कमी रोध म्हणजे जास्त क्षमता असं नसतं. रोध सेल किती तापेल आणि लोड घेताना किती दबेल ते सांगतो. शिवाय १ किलोहर्ट्झला मोजलेला आकडा आणि प्रत्यक्ष लोडखालचा आकडा वेगळे असतात, लोडखालचा मोठा असतो. तो डिस्चार्ज सुरू करतानाच काढता येतो: आधीचं व्होल्टेज ३.३०५, ४० अँपिअर लावून दहा सेकंदांनी ३.२८५, म्हणजे फरक ०.०२० व्होल्ट. त्याला ४०ने भागा, ०.५ मिलीओहम. तुलना करताना एसीचा आकडा एसीशी आणि डीसीचा डीसीशीच लावा. सेल सारखे भरलेले आणि सारख्या तापमानाचे असताना मोजा.

## टप्पा ४: पूर्ण चार्ज, खरोखर पूर्ण

चुकीच्या निकालांचं सर्वांत मोठं मूळ इथे आहे. सेल ३.६५ व्होल्टला पोचला म्हणजे भरला असं नाही. तिथे पोचल्यावर व्होल्टेज स्थिर ठेवून करंट हळूहळू उतरू द्यायचा असतो. २८० एएचच्या सेलला करंट १४ अँपिअरपर्यंत उतरला की थांबा. सगळ्या सेलना हाच थांबा. एकाला १४ला आणि दुसऱ्याला ५ला थांबवलं तर तुलना तिथेच बिघडली.

व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरी थेट टर्मिनलवर लावा, करंटच्या जाड लगवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) नाही. जाड वायर आणि जोड मिळून ५ मिलीओहम झाले तरी ४० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच पडतात. म्हणजे टेस्टर २.५ व्होल्ट दाखवून थांबतो तेव्हा सेल प्रत्यक्षात २.७ व्होल्टवर असतो आणि शेवटचे काही एएच मोजलेच जात नाहीत. चांगले सेल या एका कारणाने हकनाक नापास होतात.

चार्ज झाल्यावर किमान अर्धा ते एक तास सेल शांत ठेवा. विश्रांती सगळ्यांना सारखीच द्या.

सावधान: साधा पॉवर सप्लाय वापरत असाल तर सेल जोडण्याआधी, मोकळ्या टोकांवर ३.६५ व्होल्ट सेट करा आणि नंतर नॉबला हात लावू नका. चार्जिंग चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका.

## टप्पा ५: डिस्चार्ज आणि खरी क्षमता

करंट ४० अँपिअर, कटऑफ २.५ व्होल्ट. सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान लिहा. शेवटी दोन आकडे नोंदवा, एएच आणि वॅट-तास. टेस्टर सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर टाकतो, म्हणून तो सेलपासून फूटभर लांब आणि मोकळ्या हवेत ठेवा. तो गरम झोत शेजारच्या सेलवर गेला तर त्या सेलचं तापमान वाढून आकडा चढतो.

डेटाशीटमधली क्षमता २५ अंश सेल्सिअसला धरलेली असते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत आणि जानेवारीच्या पहाटे केलेल्या चाचण्या एकमेकींशी लावू नका. एअर कंडिशनर नसेल तर निदान रोज ठरावीक वेळेला सुरू करा आणि सेल आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत राहू द्या.

आणि एक सेल मापाचा म्हणून निवडा. तो सगळ्यांत आधी तपासा, मध्ये एकदा, आणि सगळ्यांत शेवटी. तिन्ही निकालांत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त, म्हणजे दीड एएचपेक्षा जास्त फरक आला तर तुमची पद्धत कुठेतरी हलते आहे. तोवर बाकीच्या सेलमधला एक-दोन एएचचा फरक वाचायचाच नाही. दोन वेगवेगळे टेस्टर वापरत असाल तर हा सेल दोन्हीवर चालवून पाहणं अनिवार्य धरा.

निकाल कसा वाचायचा? ४० अँपिअर म्हणजे या सेलला ०.१४ सी, बराच हळू करंट. इतक्या हळू करंटलाही जो नवा सेल २८०च्या खाली राहतो, तो माझ्या लेखी ए ग्रेड नाही. वापरलेले सेल घेत असाल तर मोजलेली क्षमता छापील क्षमतेने भागा. ८० टक्क्यांच्या आसपास सेलचं आयुष्य संपलं असं कारखाने धरतात. त्यानंतरही तो चालतो, पण भाव त्या हिशेबानेच द्या.

भावाची तुलना आता करता येते. समजा एक सेल ५,५०० रुपयांचा आणि त्याने ९१० वॅट-तास दिले: वॅट-तासाला ६ रुपये ४ पैसे. दुसरा ४,८०० रुपयांचा, त्याने ७९० दिले: ६ रुपये ८ पैसे. लेबलवरच्या ८९६ने भागलं असतं तर दुसरा ५ रुपये ३६ पैशांना पडतोय असं वाटलं असतं. स्वस्त दिसणारा सेल महाग पडला, आणि तो आधीच थकलेला आहे.

## टप्पा ६: गळती

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात, कारण ती फक्त वाट पाहण्याची आहे. पण पॅकमध्ये वर्षभर त्रास देणारा सेल बहुधा हाच असतो: क्षमता उत्तम, रोध उत्तम, आणि नुसता ठेवला तरी आतल्या आत उतरणारा.

सेल अर्धा भरून ठेवून व्होल्टेज बघितलं तर गळती दिसत नाही, त्या सपाट भागात बरेच एएच गेले तरी मीटर हलत नाही. म्हणून डिस्चार्जनंतर प्रत्येक सेलमध्ये बरोबर १४ एएच परत भरा, म्हणजे तो ५ टक्क्यांच्या आसपास येईल. इथे व्होल्टेजचा उतार तीव्र असतो. एक दिवस थांबून तीन दशांशांपर्यंत व्होल्टेज लिहा, मग दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा. सगळे पाच मिलीव्होल्ट उतरले आणि एकच तीस उतरला, तर तो काढा. टप्पा २ मध्ये खूण केलेला सेल आता बहुतेक वेळा स्वतःच समोर येतो. मोजणी संपली की सगळे सेल अर्धे भरून ठेवा, इतक्या खाली महिनोन्‌महिने ठेवू नका.

## टप्पा ७: जुळवणी

सिरीजच्या पॅकची क्षमता म्हणजे त्यातल्या सर्वांत कमजोर सेलची क्षमता. पंधरा सेल २८६चे आणि एक २६८चा, तर पॅक २६८चा. म्हणून सर्वांत मोठे आकडे गोळा करण्यापेक्षा जवळजवळचे आकडे निवडा. नव्या सेलमध्ये क्षमतेचा फरक एक टक्का, म्हणजे साधारण ३ एएचच्या आत ठेवा. रोधातला फरक ०.०३ मिलीओहमच्या आत. १६ सेल हवे असतील तर मी १७-१८ मागवायला सांगेन.

गोल सेलचं गणित वेगळं. तिथे आधी पॅरलल गट होतात, त्यामुळे प्रत्येक सेल जुळण्याची गरज नसते, गटांची बेरीज जुळली पाहिजे. ६.१, ६.१, ५.८ आणि ५.८चे चार सेल दोन गटांत घालायचे असतील तर ६.१ बरोबर ५.८ घाला, दोन्हीकडे ११.९ येतील. सगळे चांगले एका गटात टाकले तर दुसरा गट रोज आधी संपेल. रोध मात्र गटातल्या सेलचे जवळजवळ हवेत, नाहीतर कमी रोधाचा सेल जास्त करंट ओढतो.

## टप्पा ८: टॉप बॅलन्स आणि पॅकची चाचणी

टॉप बॅलन्स म्हणजे सगळे सेल पूर्ण भरलेल्या एकाच पातळीला आणणं. निवडलेला प्रत्येक सेल टेस्टरवर ३.६५पर्यंत भरा. मग सगळे पॅरललमध्ये जोडून ३.६५ व्होल्टवर ठेवा, करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत. अर्धे भरलेले सोळा सेल थेट १० अँपिअरच्या सप्लायला पॅरललमध्ये लावणारे लोक दहा-दहा दिवस वाट बघतात आणि मध्येच कंटाळून व्होल्टेज वाढवतात. सेल फुगतात ते अशाच वेळी.

आता सिरीज जोडणी, डेटाशीटमधल्याच टॉर्कने. जास्त आवळल्याने ॲल्युमिनियमचे आटे तुटतात. बीएमएस लावून पूर्ण पॅक नेहमीच्या लोडवर, फ्रिज, पंखे, पंप जे काही असेल त्यावर, पूर्ण उतरवा. शेवटच्या दहा मिनिटांत बीएमएसच्या ॲपवर डोळा ठेवा आणि कुठला सेल सर्वांत आधी खाली येतो ते लिहा. टप्पा ५ मध्ये ज्याची क्षमता सर्वांत कमी होती, तोच यायला हवा. भलताच सेल आला तर आधी त्याचे बसबार आणि लग तपासा: लोड चालू असताना मल्टिमीटर एका सेलच्या टर्मिनलवरून बसबारने जोडलेल्या शेजारच्या सेलच्या टर्मिनलवर लावा. एखाद्या जोडावर बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट मिलीव्होल्ट पडत असतील तर दोष तिथे आहे.

तपासा: सेलमधला फरक पॅक ५० टक्क्यांवर असताना बघू नका, तिथे वाईट पॅकही छान दिसतो. चार्जिंगच्या शेवटी, सेल ३.४५च्या पुढे गेलेले असताना बघा. हाच आकडा वहीत तारखेसह लिहा, दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि पावसाळा संपल्यावर टर्मिनल एकदा उघडून पुसा.